हिरव्या बनातीवरचा पुणेकर

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. जालन्याच्या मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजी असलेले माझे एक परिचित संध्याकाळी घरी आले. चहा झाला, कापसाच्या आणि मोसंबीच्या भावाचे बोलून झाले, तरी गृहस्थ उठेनात. मनात काहीतरी आहे हे दिसत होते. शेवटी म्हणाले, ‘‘सर, आमच्या धाकट्याला तुम्हीच एकदा समजावून सांगा. बारावीचं वर्ष आहे आणि पोरगं रोज दोन-दोन तास त्या स्नूकरच्या दुकानात जाऊन बसतंय.’’

‘‘बसतंय की खेळतंय?’’ मी विचारले.

‘‘एकच ते! तिथला तो धूर, त्या पैजा. चांगल्या घरची पोरं जातात का तिथं? आणि समजा, खेळला चांगला, तर पुढं काय? यात पोट भरतं का कुणाचं?’’

बापाच्या काळजातून आलेला प्रश्न होता, तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पण मला एक खोडी सुचली. मी म्हणालो, ‘‘दिवाणजी, आधी मला सांगा, स्वतंत्र भारताचा पहिला विश्वविजेता कोण?’’

त्यांनी थोडा विचार केला आणि हॉकीचे नाव घेतले. मी म्हणालो, ते संघाचे यश, मी एकट्या माणसाबद्दल विचारतोय. मग ते खाशाबा जाधवांवर आले. खाशाबा म्हणजे आपल्या मातीतले रत्न. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक महाराष्ट्राच्या नावावर लागले. पण विश्वविजेतेपद? ते त्यानंतर सहा वर्षांनी आले. तेही महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाने आणले, आणि दिवाणजींना ज्या टेबलाची भीती वाटत होती, तसल्याच हिरव्या टेबलावर. त्या माणसाचे नाव विल्सन जोन्स.

दिवाणजींनी हे नाव ऐकले नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे?

छावणीतला खेळ

विल्सन लायोनेल गार्टन-जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात झाला, एका अँग्लो-इंडियन कुटुंबात. जोन्स हे आडनाव मूळचे वेल्सचे. ब्रिटनच्या पश्चिमेला डोंगर आणि कोळशाच्या खाणींचा हा छोटासा प्रांत, तिथे जोन्स हे नाव आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतके घरोघरी सापडते. पण आपले हे जोन्स वाढले ते पुण्याच्या कॅम्पात. तेव्हाचे पुणे एकाच वेळी दोन गावांचे होते. एक पेठांचे, वाड्यांचे, तालमींचे. दुसरे लष्कराचे, बँडचे, बंगल्यांचे आणि क्लबांचे. बिलियर्ड्स हा त्या दुसऱ्या पुण्याचा खेळ.

हा खेळ आपल्याकडे आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. जिथे छावणी तिथे अधिकाऱ्यांची मेस, आणि जिथे मेस तिथे बिलियर्ड्सचे टेबल, असा तेव्हाचा शिरस्ताच होता. आपल्या जालन्यातही एकेकाळी हैदराबाद काँटिंजंटची छावणी होती. पावसाळ्यात घोडे बाहेर काढता येत नाहीत, शिकार नाही, पोलो नाही. मग करायचे काय? टेबलाभोवती जमायचे.

अशाच एका पावसाळ्यात, १८७५ साली, जबलपूरच्या छावणीत स्नूकरचा जन्म झाला. नेव्हिल चेंबरलेन नावाचा एक तरुण अधिकारी (पुढे पंतप्रधान झालेले ते चेंबरलेन वेगळे) आणि त्याचे सोबती एकच एक खेळ खेळून कंटाळले होते. त्यांनी लाल चेंडूंच्या जोडीला वेगवेगळ्या रंगांचे चेंडू टेबलावर मांडले आणि प्रत्येक रंगाला वेगळे गुण दिले. एकदा एका खेळाडूने सोपा चेंडू चुकवला, तेव्हा चेंबरलेनने त्याला ‘स्नूकर’ म्हणून डिवचले. इंग्लंडातल्या वूलिचच्या लष्करी विद्यालयात नवख्या पोराला या नावाने चिडवत. चेष्टेचे नाव खेळालाच चिकटले. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले, आणि १८८५ च्या सुमारास जॉन रॉबर्ट्स हा बिलियर्ड्सचा नामांकित खेळाडू हिंदुस्थानात आला असता तो हा खेळ सोबत घेऊन विलायतेला गेला. म्हणजे क्रिकेट तिकडून इकडे आले, तर स्नूकर इकडून तिकडे गेले! टीव्हीवर युरोपातले सामने पाहणाऱ्या पोरांना हे सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही.

ज्यांनी हे दोन्ही खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टेबल एकच, १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद. वरून हिरवी लोकरी बनात ताणून बसवलेली, पण खाली लाकूड नसते, पाटीच्या दगडाच्या जाडजूड फरश्या असतात. म्हणून त्याचे वजन टनाच्या हिशेबात भरते, आणि केसभर जरी उतार राहिला तरी खेळ बिघडतो. बिलियर्ड्समध्ये फक्त तीन चेंडू. आपल्या चेंडूने उरलेल्या दोघांनाही स्पर्श केला की दोन गुण, त्याला ‘कॅनन’ म्हणतात. लाल चेंडू खिशात घातला, किंवा त्याला लागून आपला चेंडू खिशात गेला, तर तीन. स्नूकरमध्ये २२ चेंडू : १५ लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा. एक लाल, मग एक रंग, पुन्हा लाल, अशा क्रमाने ते खिशात घालायचे. लालला एक गुण, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत दोन ते सात. सर्व लालांबरोबर दर वेळी काळा घेतला आणि शेवटी सगळे रंग घातले, तर एका डावात १४७ होतात. त्याला पूर्ण डाव समजतात.

कॅरम खेळणाऱ्या कोणालाही यातले मर्म चटकन कळेल. सोंगटी घालणे फार अवघड नाही. ती घातल्यावर स्ट्रायकर पुढच्या सोंगटीला सोयीचा राहील असा मारणे, हे खरे कसब. चांगला खेळाडू एक फटका मारताना पुढच्या तीन-चार फटक्यांचा विचार करत असतो. ताकदीचे काम थोडे, डोके शांत ठेवण्याचे फार.

तीन वेळा हुलकावणी

जोन्स यांच्याकडे हे शांत डोके होते. १९४८ साली ते पहिल्यांदा राष्ट्रीय विजेते झाले, ते स्नूकरमध्ये. १९५० साली बिलियर्ड्सचे राष्ट्रीय विजेतेपदही त्यांच्याकडे आले, आणि मग जणू ते त्यांच्या घरचेच झाले. १९५० ते १९६६ या काळात बिलियर्ड्समध्ये बारा वेळा आणि १९६० पर्यंत स्नूकरमध्ये पाच वेळा राष्ट्रीय विजेते! एखाद्या पैलवानाने सतरा वर्षे आखाडा राखावा तसा हा प्रकार होता.

पण देशातले विजेतेपद निराळे आणि जगातले निराळे. १९५१ साली लंडनमध्ये हौशी खेळाडूंच्या जागतिक बिलियर्ड्स स्पर्धेत जोन्स उतरले. तिथे ऑस्ट्रेलियाचा बॉब मार्शल जिंकला. पुढच्या वर्षी स्पर्धा कलकत्त्याला, म्हणजे घरच्याच अंगणात होती. तिथे इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफिल्डने बाजी मारली. १९५४ साली सिडनीला गेले, तिथेही ऑस्ट्रेलियाचाच टॉम क्लिअरी पहिला आला. तीन स्पर्धा, तीनही वेळा हात रिकामे.

या ठिकाणी पुष्कळजण थांबले असते. वयाची तिशी उलटलेली, आणि खेळ असा की त्यातून चरितार्थ चालत नाही. ‘हौशी’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थच असा होता की बक्षिसाच्या पैशाशी खेळाडूचा संबंध नाही. पोटापाण्याचे आपापले पाहावे आणि उरलेल्या वेळात खेळावे. क्रिकेटपटूचे नाव निदान गल्लीतल्या पोरांच्या तोंडी तरी असे. बिलियर्ड्सचा खेळाडू बंद खोलीत, दिव्याखाली, पाच-पन्नास लोकांसमोर खेळायचा. टाळीसुद्धा हळू वाजवायची!

१९५८ साली स्पर्धा पुन्हा कलकत्त्याला भरली. जोन्स तेव्हा ३६ वर्षांचे होते. सहा वर्षांपूर्वी याच शहरात ज्याने त्यांना मागे टाकले होते तो ड्रिफिल्ड या वेळीही आला होता. पण या वेळी तो दुसरा आला, आणि पहिला आला पुण्याचा जोन्स. स्वातंत्र्य मिळून अकरा वर्षे झाली होती. साहेबाने आपल्या करमणुकीसाठी आणलेल्या टेबलावर, साहेबाच्याच देशाच्या अव्वल खेळाडूला मागे टाकून, एका भारतीयाने जगज्जेतेपद मिळवले. कोणत्याही खेळात स्वतंत्र भारताचा हा पहिला विश्वविजेता.

हे एकदाच घडले असते तर कोणी नशीब म्हटले असते. १९६२ साली पर्थला त्यांना दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. पण १९६४ साली न्यूझीलंडमध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते पुन्हा विश्वविजेते झाले. सरकारने अर्जुन पुरस्कार दिला, १९६५ साली पद्मश्री दिली. १९६६ च्या राष्ट्रीय विजेतेपदानंतर स्पर्धांतून बाजूला होऊन जोन्स शिकवण्याकडे वळले, आणि त्या कामासाठी १९९६ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २००३ सालच्या ऑक्टोबरात मुंबईत त्यांचे निधन झाले.

एवढे सांगून झाल्यावर दिवाणजी काही वेळ गप्प होते. मग त्यांनी पुन्हा आपला पहिलाच प्रश्न काढला. हिशेबाचा माणूस, ताळेबंद जुळल्याशिवाय उठणार कसा? ‘‘सर, माणूस मोठा होता, मान्य. पण या खेळावर त्याचं घर चाललं का?’’

नाही चालले. खरे तेच सांगायला हवे. दोनदा जग जिंकणाऱ्या माणसाला त्या काळी या देशात खेळावर घर चालवता येत नव्हते. मग याच खेळावर कोणाचे घर चालले का? चालले. आणि ते कसे, हे पाहायला जोन्स या आडनावाच्या मूळ गावी, वेल्सलाच जावे लागते.

खाणीतले पांढरे हातमोजे

वेल्समध्ये ट्रेडेगर नावाचे एक खाणकामगारांचे गाव आहे. रे रिअर्डनचा जन्म १९३२ सालचा, तिथलाच. जोन्स यांच्यापेक्षा तो दहा वर्षांनी लहान. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा कोळशाच्या खाणीत उतरला. जमिनीखाली काम करताना तो हातात पांढरे हातमोजे घालायचा. खाणीत पांढरे मोजे! सोबत्यांना हसू येत असणार. पण त्याला हात जपायचे होते, कारण संध्याकाळी त्याच हातांनी स्नूकरची काठी धरायची होती.

आता विचार करा, खाणमजुराच्या पोराला टनावारी वजनाचे टेबल मिळाले कुठून? या प्रश्नाच्या उत्तरातच सगळे सार आहे. वेल्सच्या खाणींच्या गावांत कामगारांनी आपल्या संस्था उभारल्या होत्या. प्रत्येकाच्या मजुरीतून आठवड्याला काही पेन्स कापून घ्यायचे आणि त्यातून एक इमारत चालवायची. तिथे वाचनालय, वर्तमानपत्रांची खोली, सभेचे दालन आणि बिलियर्ड्सची खोली. ट्रेडेगरच्या कामगार संस्थेच्या वाचनालयात वाचून अन्यूरिन बेव्हन नावाचा खाणकामगार मंत्री झाला आणि त्याने ब्रिटनला मोफत आरोग्यसेवा दिली. त्याच संस्थेच्या टेबलावर दहा-अकरा वर्षांचा रे रिअर्डन सराव करत होता. एकाच इमारतीतून एक मंत्री निघाला आणि एक जगज्जेता.

रिअर्डन १९५० पासून सलग सहा वर्षे वेल्सचा हौशी विजेता होता. तरीही खाण सुटली नव्हती. पुढे कुटुंब इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंट भागात गेले आणि तिथल्या खाणीत दरड कोसळून तो तीन तास ढिगाऱ्याखाली अडकला. हात-पाय हलवता येत नव्हते. अशा वेळी जीव घाबरू नये म्हणून त्याने एक युक्ती केली. धाकट्या भावाबरोबर आपण गोट्या खेळतो आहोत, अशी कल्पना करत तो मनातल्या मनात डावामागून डाव खेळत राहिला. पुढे चुरशीच्या सामन्यांत ज्या शांतपणासाठी तो ओळखला गेला, त्याची ही परीक्षाच म्हणायची.

त्या अपघातानंतर खाण सुटली आणि रिअर्डन पोलिसात भरती झाला. १९६४ साली, म्हणजे जोन्स दुसऱ्यांदा विश्वविजेते झाले त्याच वर्षी, तो इंग्लंडचा हौशी विजेता ठरला. १९६७ साली त्याने पोलिसाची पक्की नोकरी सोडली आणि तो व्यावसायिक खेळाडू झाला. तेव्हा त्याचे वय पस्तिशीला आलेले होते. इकडे पुण्याचा जगज्जेता स्पर्धांतून निवृत्त होत होता आणि तिकडे वेल्सचा एक पोलीस खेळावर पोट भरायला निघाला होता.

त्या वेळी हा धंदा काही भरभराटीचा नव्हता, उलट मरायला टेकला होता. आधीची काही वर्षे जागतिक स्पर्धासुद्धा नीट भरत नव्हती, आव्हान देणाऱ्याने विजेत्याशी खेळायचे एवढेच चाले. मग १९६९ साली दोन गोष्टी एकदम घडल्या. बाद पद्धतीची स्पर्धा पुन्हा सुरू झाली, आणि बीबीसीला नव्या रंगीत टीव्हीवर दाखवायला काहीतरी रंगीत हवे होते. हिरव्या टेबलावर लाल, पिवळे, निळे, गुलाबी चेंडू! ‘पॉट ब्लॅक’ नावाचा छोटा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याची पहिलीच स्पर्धा रिअर्डनने जिंकली. बंद खोलीतला खेळ घराघरांतल्या दिवाणखान्यात आला.

पुढे रिअर्डन सहा वेळा विश्वविजेता झाला : १९७० साली, १९७३ ते १९७६ ही सलग चार वर्षे आणि १९७८ साली. शेवटच्या वेळी तो ४५ वर्षांचा होता. एवढ्या वयात विश्वविजेता होण्याचा त्याचा विक्रम मोडायला २०२२ साल उजाडावे लागले, आणि तो मोडणारा रॉनी ओसुलिव्हन हा एकेकाळी रिअर्डनकडूनच खेळातल्या खाचाखोचा शिकला होता. २०२४ साली, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन रिअर्डन वारला.

त्याच्या वाटेने वेल्सचे कितीतरी पोरगे गेले. लनेलीचा टेरी ग्रिफिथ्स १९७९ साली विश्वविजेता झाला. खाणकामगाराचा मुलगा मार्क विल्यम्स २०००, २००३ आणि २०१८ साली. हाच विल्यम्स २०२५ साली, वयाच्या पन्नाशीत, पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. एवढ्याशा प्रांतात एवढे विजेते कसे, असा प्रश्न पडतो. वेल्सची हवा काही निराळी नाही. तिथे टेबल मजुराच्या पोराच्या हाताशी होते, एवढेच.

हे चित्र फार गुलाबीही करू नये. टीव्हीबरोबर जो पैसा आला त्यातला मोठा वाटा सिगारेट कंपन्यांचा होता. जागतिक स्पर्धेलाच कितीतरी वर्षे सिगारेटचे नाव होते. १९८४-८५ च्या संपानंतर वेल्सच्या खाणी एकामागून एक बंद झाल्या आणि कामगार संस्थांनाही घरघर लागली. दिवाणजींना ज्या धुराची भीती वाटत होती तो धूर तिकडेही होता. पण त्या धुरातही एक दार सगळ्यांसाठी उघडे होते.

आपले दार

आपल्याकडे नेमके उलट झाले. खेळ जन्मला इथे, पहिला जगज्जेताही लवकर मिळाला, पण टेबल राहिले क्लबात. क्लबाचे सभासदत्व म्हणजे पिढीजात ओळख किंवा पैसा. टेबलाच्या सर्वांत जवळ असायचा तो ‘मार्कर’, म्हणजे गुण मांडणारा, चेंडू लावून देणारा, काठ्यांना खडू लावून ठेवणारा नोकर. सभासद येण्याआधी आणि गेल्यावर टेबल पुसता पुसता चार फटके मारून तरबेज झालेले मार्कर जुन्या क्लबांत असत. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

तरीही जोन्स यांनी लावलेले रोप वाढले. मुंबईचा मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असा तीनदा बिलियर्ड्सचा हौशी विश्वविजेता झाला. १९८१ साली त्याला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा, क्रिकेटपटूला पद्मभूषण आणि विश्वविजेत्याला पद्मश्री हा कुठला न्याय, असे म्हणून त्याने ती नाकारली. १९८३ साली त्याला पद्मभूषण मिळाले. १९८४ साली डब्लिनमध्ये ओम अग्रवाल स्नूकरचा हौशी विश्वविजेता झाला. त्याने अंतिम सामन्यात हरवले ते वेल्सच्याच टेरी पार्सन्सला. मुंबईचा यासिन मर्चंट १९८९ आणि २००१ साली आशियाई विजेता झाला, आणि २००२ साली बुसानच्या आशियाई खेळांत रफत हबीबच्या जोडीने त्याने स्नूकरच्या दुहेरीचे सुवर्णपदक आणले.

व्यावसायिक खेळाच्या वाटेवरही आपली माणसे गेली. मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३ साली कोलंबियातल्या वर्ल्ड गेम्समध्ये सुवर्ण मिळवले. त्याच वर्षी दिल्लीत झालेल्या इंडियन ओपनच्या अंतिम सामन्यात तो पोहोचला आणि चीनच्या डिंग जुनहुईकडून हरला. पुढच्या वर्षी जर्मनीत त्याने पूर्ण १४७ चा डाव केला. व्यावसायिक स्पर्धेत असा डाव करणारा तो पहिला भारतीय. पंकज अडवाणी वाढला बंगळुरात, पण जन्म त्याचाही पुण्याचा, अगदी जोन्स यांच्यासारखाच! २०१३ साली वेल्सच्या न्यूपोर्ट शहरातल्या स्पर्धेत तो उपांत्यपूर्व फेरीत गेला. मानांकनाच्या व्यावसायिक स्पर्धेत इतके पुढे जाणारा तो पहिला भारतीय होता. पण दोन हंगामांनंतर त्याने तो प्रवास थांबवला. वर्षातले कितीतरी महिने परक्या मुलखात, घरापासून दूर काढायचे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. भारतात राहून बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून त्याने पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवली आहेत.

आणि एक गंमत सांगतो. २०१५ च्या मार्चमध्ये इंडियन ओपन स्पर्धा मुंबईत भरली. हा खेळ इथून गेल्याला तेव्हा सव्वाशे वर्षे उलटून गेली होती. ती स्पर्धा जिंकून गेला वेल्सचाच एक खेळाडू, नीथ गावचा मायकेल व्हाइट. पाहुण्याने येऊन आपल्याच माजघरातले ताट न्यावे तसे झाले! पण त्याच्यावर रागवण्यात अर्थ नाही. त्याच्यामागे तीन-चार पिढ्यांची उघडी दारे होती.

उघडी दारे आपल्याला ठाऊक नाहीत असे थोडेच आहे? गावोगावच्या तालमी आपल्याच आहेत. लाल मातीत उतरताना पोराला कोणी बापाची मिळकत विचारली नाही, म्हणून शेतकऱ्यांच्या घरांतून मल्ल निघाले. कॅरमचा बोर्ड चाळीच्या जिन्याखाली आणि गणेश मंडळाच्या मांडवात पोहोचला, म्हणून गिरणगावाने नामांकित कॅरमपटू दिले. वर्गणीतून वाचनालये उभी करणारी माणसे तर आपल्या प्रत्येक तालुक्यात होऊन गेली. ट्रेडेगरच्या मजुरांनी केले ते याहून फार वेगळे नव्हते. फक्त त्यांनी पुस्तकांच्या शेजारच्या खोलीत एक टेबलही ठेवले.

आज स्नूकरचे टेबल क्लबातून उठून बाजारात आले आहे. जिल्ह्याच्या गावांतही एखाद्या गाळ्यात, एखाद्या इमारतीच्या तळघरात ते सापडते, आणि तासाप्रमाणे पैसे देऊन कोणीही खेळू शकतो. एका अर्थी जोन्स यांच्या काळात नव्हते ते दार उघडले आहे. पण या दारावर ना कोणी शिकवणारा उभा आहे, ना कोणी वडीलधारा. धूर आणि पैजा तिथे शिरल्या त्या याच रिकाम्या जागेतून. खेळाने त्यांना बोलावलेले नाही. वडीलधारी माणसे ज्या जागेकडे पाठ फिरवतात, त्या जागेची कळा आपोआप बदलते. तालीमसुद्धा वस्तादाशिवाय तालीम राहत नाही.

दिवाणजींना मी एवढेच म्हणालो, ‘‘मुलाला समजावण्याआधी एकदा त्याच्याबरोबर जाऊन बसा. तो काय खेळतो ते पाहा. पोट भरेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. व्यावसायिक स्नूकरवर सुखाने जगणारे खेळाडू सगळ्या जगात मिळून थोडे. बारावी सोडून याच्या मागे लाग, असं मीही त्याला सांगणार नाही. जोन्स यांनी पोटासाठी खेळ केला नाही आणि पोटासाठी सोडलाही नाही. रिअर्डन वीस वर्षं खाणीत आणि पोलिसात राबला, मग खेळाकडं आला. दोघांनीही आधी घर सांभाळलं.’’

दिवाणजी काही न बोलता चपला घालून निघून गेले. मला वाटले, रागावले.

पंधरा-वीस दिवसांनी मामा चौकात भेटले. मीच विचारले, ‘‘गेला होता का?’’

‘‘गेलो होतो. दोन रविवार झाले.’’ मग जरा थांबून, कोणी ऐकत नाही ना असे पाहून म्हणाले, ‘‘सर, आमचं पोरगं फटका मारण्याआधी किती वेळ नुसतं उभं राहून बघतंय! घरात तर एक मिनिट स्वस्थ बसत नाही. मी मालकाला सांगितलं, मी येईन तेव्हा इथं बिडी-सिगारेट चालणार नाही. तर म्हणतो, दिवाणजी, तुम्ही रोज या.’’

आणि मग त्यांनी खिशातून आडतीची छोटी वही काढली. मागच्या पानावर पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती. मला दाखवत म्हणाले, ‘‘त्या पुण्याच्या माणसाचं नाव बरोबर लिहिलंय का बघा. पोराला सांगायचंय.’’